चिनी शिकायची तर मराठी कानाने: खान्देशातल्या शाळेत दुरून चिनी कशी शिकवावी

चोपडा, साक्री किंवा तळोद्याच्या शाळेत चिनी शिकवायला कुणी शिक्षक पुण्याहून येऊन राहील, हे आज तरी होणारं नाही. बीजिंगहून येण्याचा तर प्रश्नच नाही. म्हणजे इथल्या मुलांना ही भाषा शिकायची असेल तर ती पडद्यावरूनच शिकावी लागेल. दुरून शिकणं आपल्याला नवं नाही. २०२० मध्ये ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हणत आपण सगळे त्यातून गेलो. त्यात काय साधलं आणि काय निसटलं, हे घरोघरी ठाऊक आहे. पण गणिताचा तास दुरून घेणं वेगळं आणि चिनीचा तास दुरून घेणं वेगळं. गणितात फळा नीट दिसला की निम्मं काम होतं. चिनीत सुरुवातीचा सगळा भार आवाजावर असतो, आणि नेट जरा मंदावलं की पहिला फटका आवाजालाच बसतो.

जळगाव-धुळे भागातल्या शाळांमध्ये असे तास बसवून देण्याच्या कामात मी आहे. त्या कामातून माझं एक ठाम मत झालं आहे. आपल्या मुलांना चिनीकडे इंग्रजीच्या वाटेने नेलं तर ती अडखळतात, मराठीच्या वाटेने नेलं तर झपाट्याने पुढे जातात. आणि पडद्यापलीकडचा शिक्षक कितीही चांगला असला, तरी पडद्याच्या अलीकडे, वर्गात, एक मोठं माणूस उभं असावंच लागतं. त्या माणसाला चिनी येत नसली तरी चालतं. हे असं का, ते सविस्तर सांगते.

आधी पालकांच्या प्रश्नाचं उत्तर, कारण तो पहिल्याच सभेत येतो: चिनीच का? सीमेवर ताण असलेल्या देशाची भाषा मुलांनी कशाला शिकायची? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळेसाठी परदेशी भाषांची उदाहरणं दिली आहेत: कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन. त्यात चिनी नाही. आदल्या वर्षीच्या मसुद्यात ती होती. मला हे वगळणं पटत नाही. ज्याच्याशी व्यापार करायचा त्याची भाषा समजली पाहिजे आणि ज्याच्याशी भांडण आहे त्याची तर आणखी नीट समजली पाहिजे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, तिथे चिनी बोलायला-लिहायला शिकले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्याच्याही फार आधी, सातव्या शतकात, ह्युएन त्संग महाराष्ट्रात येऊन गेला. त्याने डोंगरात कोरलेल्या ज्या विहाराचं वर्णन लिहून ठेवलं तो अजिंठाच, असं अभ्यासक मानतात. जळगाव स्टेशनापासून अजिंठा तासा-दीड तासावर आहे. आजचं कारण मात्र साधं आहे. महाराष्ट्रातली मुलं डॉक्टरकी शिकायला चीनमध्ये जातात आणि तिथल्या रुग्णालयात काम करायची वेळ आली की भाषेपाशी अडतात. यंत्रं तिथून येतात, त्यांची माहितीपुस्तकं आणि दुरुस्तीचे व्हिडिओ त्या भाषेत असतात. एवढं पुरेसं आहे.

आता मुख्य विषय.

एकाच ‘माय’चे दोन अर्थ

चिनी म्हणजे इथे मँडरिन, चीनची प्रमाण भाषा. तिच्यात एका दमात उच्चारायची अक्षरं, म्हणजे ‘मा’, ‘तांग’, ‘श्यू’ अशी, साधारण ४०० च आहेत. एवढ्यावर भाषा चालणार कशी? म्हणून तीच अक्षरं चार वेगवेगळ्या सुरांत म्हणतात. त्या सुरांना टोन म्हणतात. टोन धरले की ४०० ची संख्या तेराशेच्या आसपास जाते. पाचवा एक हलका, बिनजोराचा टोनही आहे, पण तो नंतर आपोआप अंगवळणी पडतो.

पहिला टोन उंच आणि सपाट, पेटीवर एकच वरचा स्वर दाबून धरावा तसा. दुसरा खालून वर चढणारा. आपण आश्चर्याने ‘हो?’ विचारतो तेव्हा आवाज असाच चढतो. तिसरा खाली दबलेला. मनात नसताना एखादा ‘हं…’ म्हणतो, त्याच्या जवळचा. चौथा वरून खाली तुटून पडणारा, कुणाला दरडावून ‘हो!’ म्हणावं तसा. म्हणजे चारही सूर मराठी मुलाच्या गळ्यात आधीपासून आहेत. फरक असा की मराठीत सुराने भावना बदलते, चिनीत अर्थच बदलतो.

खान्देशात हे समजावायला माझं आवडतं उदाहरण आहे ‘माय’. तिसऱ्या टोनमध्ये दबक्या आवाजात ‘माय’ म्हटलं तर त्याचा अर्थ विकत घेणं. चौथ्या टोनमध्ये तोडून ‘माय’ म्हटलं तर अर्थ विकणं. घरात आईला दिवसभर ‘माय’ म्हणणाऱ्या मुलांना हे ऐकून आधी हसू येतं, मग ती खेळ सुरू करतात. एक केळी विकणारा होतो, एक घेणारा. टोन चुकला की घेणारा विकायला लागतो आणि सगळा वर्ग ओरडतो. टोनचं महत्त्व पटवायला यापेक्षा वेगळं व्याख्यान लागत नाही.

दुरून शिकवताना टोनमध्ये दोन अडचणी हमखास येतात. पहिली, खात्री नसली की मूल प्रत्येक शब्द प्रश्नासारखा म्हणतं. ‘बरोबर आहे ना?’ हा भाव आवाजात उतरतो आणि सगळेच टोन चढते, म्हणजे दुसरे होतात. समोर बसलेल्या शिक्षकाला चेहऱ्यावरून कळतं की मूल बिचकलंय. पडद्यावर तीस चेहरे टिकलीएवढे दिसतात, तिथे ते कळत नाही. मग पलीकडची शिक्षिका टोनच पुन्हापुन्हा दुरुस्त करत बसते, खरं तर दुरुस्त करायची असते भीती. दुसरी अडचण तिसऱ्या टोनची. पुस्तकात त्याची खूण खाली जाऊन वर येणारी काढतात. मुलं मान खाली-वर करत तो लांबवतात. प्रत्यक्ष बोलण्यात तो बहुतेक वेळा नुसता खाली दबलेला असतो, वर येतच नाही. आणि दोन तिसरे टोन लागोपाठ आले की त्यांतल्या आधीच्याचा आपोआप दुसरा टोन होतो. नमस्कारासाठीच्या ‘नी हाव’मध्ये नेमकं हेच होतं. मुलांना नियम सांगू नये, शंभरदा ऐकवावं.

रोमन अक्षरांचा चकवा

चिनी लिहायला चित्राक्षरं असतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण उच्चार दाखवायला चीनने १९५८ मध्ये रोमन लिपीतली एक पद्धत अधिकृत केली. तिचं नाव पिनयिन. ती घडवण्यात मोठा वाटा असलेले चोउ योउक्वांग हे गृहस्थ १११ वर्षं जगले आणि २०१७ मध्ये वारले. पद्धत उत्तम आहे. चीनमधली मुलंही पहिलीत तिच्याच आधाराने वाचायला शिकतात, मोबाइलवर चिनी टाइप करायलाही बहुतेक जण तीच वापरतात.

पण आपल्या मुलांनी रोमन अक्षरं इंग्रजीच्या तासाला शिकलेली असतात. त्यांना ‘बी’ दिसला की तोंडातून ‘ब’ येतो. पिनयिनमधला ‘बी’ हा ‘ब’ नाही, तो ‘प’ आहे. आणि ‘पी’ हा ‘फ’ आहे, ओठ मिटून म्हणायचा. ‘डी’ म्हणजे ‘त’च्या जवळचा, ‘टी’ म्हणजे ‘थ’च्या जवळचा. ‘जी’ म्हणजे ‘क’, ‘के’ म्हणजे ‘ख’. आपण ज्याला बीजिंग लिहितो ते तिथे ‘पेइचिंग’ असं म्हटलं जातं. चिनीत घोष व्यंजनं, म्हणजे ग-द-ब, जवळजवळ नाहीतच. सगळा भेद श्वासाचा आहे: प की फ, त की थ, क की ख.

हा भेद शिकवताना इंग्रजी बोलणाऱ्या देशांतल्या शिक्षकांना बरेच कष्ट पडतात, कारण त्यांच्या लिपीत त्याला वेगळी अक्षरं नाहीत. आपल्या मुलाने तो बाराखडीतच शिकलेला असतो. म्हणजे हातातलं भांडवल आपण इंग्रजीच्या मार्गाने जाऊन स्वतःच गमावतो.

‘च’चं तर आणखी छान आहे. मराठीत ‘चिमणी’तला च आणि ‘चाक’तला च वेगळे, आपण न शिकवता वेगळे म्हणतो. चिनीत हे दोन्ही आहेत, वेगवेगळ्या अक्षरांनी लिहिलेले. पिनयिनचा ‘जे’ म्हणजे चिमणीचा च, ‘झेड’ म्हणजे चाकाचा च. ‘क्यू’ म्हणजे छत्रीचा छ. ‘एक्स’ म्हणजे शिंगातला श. इंग्रजीच्या वाटेने आलेलं मूल ‘क्यू’ पाहून ‘क’ म्हणतं आणि ‘एक्स’ पाहून ‘क्स’. मराठीच्या वाटेने आलेल्या मुलाला फक्त सांगावं लागतं की अमुक खुणेचा आवाज अमुक.

सगळंच मराठीत आहे असं मी म्हणत नाही. जीभ मागे वळवून म्हणायचे च-छ-श आपल्याकडे उरले नाहीत. ‘ष’ वर्णमालेत आहे, पण षटकोनाला आपण शटकोनच म्हणतो. ओठ ‘ऊ’चे करून आतून ‘ई’ म्हणायचा एक स्वर आहे, तो नव्यानेच शिकावा लागतो. आणि ‘फ’ची एक गोम आहे. ‘फळ’मधला ओठ मिटून म्हणायचा फ आणि ‘फॅन’मधला दात टेकवून म्हणायचा फ यांची आपल्याकडे अलीकडे सरमिसळ झाली आहे. चिनीत दोन्ही लागतात आणि वेगळे लागतात.

म्हणून मी आग्रह धरते की पहिले सहा आठवडे रोमन अक्षर फळ्यावर येऊच नये. ऐकावं, म्हणावं, आणि आठवणीसाठी लिहायचंच असेल तर देवनागरीत लिहून वर टोनचा बाण काढावा. सातव्या आठवड्यात पिनयिन आणावी, तीही ‘ही इंग्रजी नाही’ असं बजावून. काही चिनी शिक्षकांना हे रुचत नाही. देवनागरीची कुबडी कायमची लागेल, असं त्यांना वाटतं. त्यांची भीती खोटी नाही. सहा आठवड्यांचे सहा महिने झाले तर मुलं पिनयिन टाळू लागतात आणि मग टायपिंग, शब्दकोश, परीक्षा सगळीकडे अडतात. मुदत पाळावी लागते. पण चुकीचा ‘ब’ एकदा तोंडात बसला की तो काढायला लागणारा वेळ मी पाहिला आहे. त्यापेक्षा ही वाट बरी.

फोनवरून काय पोचतं, काय पोचत नाही

इथे थोडं आवाजाचं शास्त्र लागेल. साध्या टेलिफोनवरून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं, एवढ्याच पट्ट्यातला आवाज पलीकडे जातो. माणसाच्या बोलण्याचा मूळ स्वर बहुधा त्याच्याही खाली असतो: पुरुषाचा शंभर-सव्वाशेच्या आसपास, बाईचा दोनशेच्या. तरी फोनवर समोरचा चढ्या आवाजात बोलतोय की दबक्या, ते आपल्याला बरोबर कळतं. कारण मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनं त्या पट्ट्यातून येत असतात आणि मेंदू त्यांवरून मूळ स्वर जुळवून घेतो. म्हणून टोन, ज्याची सगळ्यांना धास्ती असते, तो स्वस्त फोनवरूनही बऱ्यापैकी शाबूत पोचतो.

मार खातात ती घासून निघणारी व्यंजनं. ‘स’ची सळसळ मुख्यतः ४,००० हर्ट्झच्या वर असते. व्हिडिओ कॉलचा पट्टा टेलिफोनपेक्षा रुंद असतो खरा, पण नेट ढेपाळलं की आवाजाचा दर्जा उतरतो, पत्र्याच्या छताचा वर्ग घुमतो, आणि गोंगाट कमी करणारं सॉफ्टवेअर ‘स’लाच गोंगाट समजून छाटू शकतं. चिनीत अशा सळसळत्या व्यंजनांच्या तीन रांगा आहेत. आकडे घ्या: ई, अर, सान, स, वू, ल्यौ, छी, पा, च्यौ, ष. यातला ‘स’ म्हणजे चार आणि ‘ष’ म्हणजे दहा. टोन वेगळे आहेत म्हणून भेद कळतो, नाहीतर खराब स्पीकरवर चार आणि दहा एकच ऐकू येतात. चव्वेचाळीस म्हणजे ‘स-ष-स’. हा आकडा स्पष्ट ऐकू आला की वर्गाची ध्वनिव्यवस्था पास, असं मी धरते.

याचा उपयोग तास आखताना होतो. टोनचा सराव थेट कॉलवर करावा. व्यंजनांचा सराव आधी उतरवून ठेवलेल्या चांगल्या रेकॉर्डिंगवर करावा, म्हणजे नेटचा संबंधच येत नाही. आणि श्वासाचा भेद तपासायला यंत्र लागतच नाही. वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी ओठांसमोर धरायची. ‘फ’ म्हटल्यावर पट्टी हलली पाहिजे, ‘प’ म्हटल्यावर हलता कामा नये. रावेरकडच्या एका शाळेत पाचवीची मुलं जोडीजोडीने हे करत होती. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने कानाने नाही तर डोळ्याने निकाल द्यायचा. पलीकडच्या शिक्षिकेला त्या दहा मिनिटांत काही ऐकू येत नव्हतं, आणि ऐकू येण्याची गरजही नव्हती.

अलीकडचं माणूस

ऑनलाइन तासात सामूहिक म्हणणं जमत नाही, हे एव्हाना सगळ्यांच्या लक्षात आलं आहे. आवाज जायला-यायला लागणाऱ्या वेळामुळे तीस मुलांचं एका सुरातलं म्हणणं पलीकडे कालवा होऊन पोचतं. आणि लहान मुलं भाषा शिकतात ती घोळक्यात म्हणूनच. एकट्याने म्हणायची वेळ आली की लाजरी मुलं गप्प होतात.

यावर तोडगा दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वे या छोट्या देशाने काढला. तिथे इंग्रजीचे शिक्षक पुरेसे नव्हते. २०१२ मध्ये ‘सेइबाल एन इंग्लेस’ नावाचा प्रयोग सुरू झाला. आठवड्याला तीन तास. एक तास दूरवरचा शिक्षक व्हिडिओवरून घेणार, उरलेले दोन तास वर्गशिक्षकच घेणार, त्याला इंग्रजी येत नसली तरी. त्याला नीट आखलेला पाठ आणि रेकॉर्डिंग मिळणार, तो मुलांकडून सराव करून घेणार आणि स्वतःही त्यांच्याबरोबर शिकणार. प्रयोग पुढे देशभर पसरला. चीननेही आपल्या खेड्यापाड्यांतल्या शाळांसाठी दोन शिक्षकांचा वर्ग ही कल्पना वापरली आहे: शहरातला शिक्षक पडद्यावर, गावातला वर्गात.

आपल्याकडे हीच रचना चालते. सोमवारी चाळीस मिनिटं पडद्यावरचा तास, बुधवारी आणि शनिवारी वीस-वीस मिनिटं वर्गशिक्षकाबरोबर सराव. पडद्यावरच्या तासातही सामूहिक म्हणण्याच्या वेळी पलीकडचा आवाज बंद ठेवायचा, इथल्या सरांनी किंवा मॅडमनी हाताने टोन दाखवत म्हणवून घ्यायचं, आणि मग एकेका मुलाला माइकपाशी आणायचं. माझा अनुभव असा की या कामाला चित्रकलेचे शिक्षक फार चांगले. चिनी अक्षरं लिहिताना रेघेची दिशा, क्रम, अक्षराचा तोल त्यांच्या डोळ्यांना आधी दिसतो.

वर्गशिक्षकाचा आणखी एक उपयोग होतो, जो पडद्यापलीकडच्या कुणालाही साधणार नाही. त्याला मुलांच्या घरची बोली कळते. आपल्या मुलांना एक भाषा येते असं समजणं चूक आहे. घरी अहिराणी किंवा लेवा बोली, धडगावकडे पावरी, शाळेत प्रमाण मराठी, टीव्हीवर हिंदी, पुस्तकात इंग्रजी. घरी ‘डोया’ म्हणणारं मूल वाचताना ‘डोळा’ म्हणतं, ‘केयी’ म्हणणारं ‘केळी’ लिहितं. ठिकाण पाहून आवाज बदलायचा, हे त्याला पाचव्या वर्षीच येत असतं. परदेशी भाषा शिकायला हीच क्षमता लागते. जो शिक्षक ‘डोया’ला अशुद्ध म्हणून टपली मारतो, तो मुलाच्या कानावरचा विश्वास घालवतो, आणि मग टोनही जमत नाहीत. त्याच मुलाला ‘घरी कसं म्हणता, पुस्तकात कसं, चिनीत कसं’ असं तिन्ही विचारलं तर ते खुलतं.

घरच्या अभ्यासासाठी फोनवरचा व्हॉइस मेसेज पुरतो. वीस सेकंदांचा, रोज एक. बहुतेक घरांत फोन वडिलांचा असतो आणि वडील शेतातून किंवा कंपनीतून संध्याकाळी येतात. म्हणून वेळ ठरवून देऊ नये, झोपण्यापूर्वी कधीही पाठवा म्हणावं. चीन आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. आपले रात्रीचे आठ म्हणजे तिथले साडेदहा. तिथली शिक्षिका सकाळी ऐकते आणि दुरुस्ती उलट पाठवते. अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात जिथे रेंजच नाही, तिथे रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर न्यावं लागतं आणि मुलांचे आवाज आठवड्याने एकत्र आणावे लागतात. उशीर होतो, पण काम थांबत नाही.

पडद्यापुढचा वेळ मात्र वाढवू नये. केंद्र सरकारच्या २०२० च्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला जास्तीत जास्त दोन तासिका, प्रत्येकी ३० ते ४५ मिनिटांच्या, असं सांगितलं होतं. ती मर्यादा आजही रास्त वाटते. तिसरीच्या आतल्या मुलांना पडद्यावरून चिनी शिकवूच नये, असं माझं मत आहे.

रेघ कुठून सुरू करायची

चित्राक्षरं पाहून पालक घाबरतात, मुलं सहसा घाबरत नाहीत. प्रत्येक अक्षर वेगळं चित्र नसतं. बहुसंख्य अक्षरं दोन तुकड्यांची असतात: एक तुकडा अर्थाकडे बोट दाखवतो, दुसरा उच्चाराकडे. ‘आई’ या अर्थाच्या अक्षरात डावीकडे ‘स्त्री’चं चिन्ह आणि उजवीकडे ‘घोडा’. घोड्याचा आईशी संबंध काही नाही. घोड्याला ‘मा’ म्हणतात आणि आईलाही ‘मा’, टोन वेगळा, एवढ्यासाठी तो तिथे आहे. अठराव्या शतकातल्या प्रसिद्ध कांगशी शब्दकोशाने अशी २१४ मूळ चिन्हं धरून हजारो अक्षरं लावली. मुलांना त्यातली पंचवीस-तीस आली की अनोळखी अक्षराकडे पाहूनही ‘हे पाण्याशी संबंधित असणार’ असा अंदाज ती बांधतात. झाडाचं चिन्ह एकदा काढलं तर झाड, दोनदा शेजारीशेजारी काढलं तर वन, तीनदा काढलं तर घनदाट अरण्य. सातपुड्याच्या पायथ्याच्या मुलांना हे एकदा दाखवलं की पुरतं.

लिहिण्यात मात्र आपल्या सवयी आड येतात, आणि त्या दुरून दिसत नाहीत. देवनागरीत आपण अक्षर काढून डोक्यावरची रेघ शेवटी देतो. चिनीत नियम वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आणि आडवी रेघ उभीच्या आधी. ‘दहा’ म्हणजे नुसतं अधिकाचं चिन्ह: आधी आडवी, मग उभी. आपली मुलं सवयीने उलट करतात. ‘तोंड’ म्हणजे चौकोन, पण तो तीन रेघांचा: डावी उभी, मग वरची आणि उजवी न उचलता एकत्र, शेवटी तळाची. मूल पेन न उचलता गरकन चौकोन काढतं. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. फोटो पाठवला तर शिक्षिकेला चूक कळणारच नाही. पुढे अक्षरं गुंतागुंतीची झाली की चुकीच्या क्रमाने ती बेढब होतात आणि लक्षातही राहत नाहीत. म्हणून फोटो मागू नये, हाताचा व्हिडिओ मागावा, किंवा स्टँडला फोन वरून टांगून वही खाली ठेवावी. वही गणिताची चौकटीची चालते. चीनमध्येही मुलं चौकटीतच लिहितात, तिथे चौकटीत मधोमध आडवी-उभी तुटक रेघ असते, ती पट्टीने काढून घ्यावी.

एक निर्णय आधीच घ्यावा लागतो. चीनमध्ये १९५० च्या दशकापासून सोपी केलेली अक्षरं वापरतात, तैवान आणि हाँगकाँगमध्ये जुनी, जास्त रेघांची. शिक्षक तैवानचा आणि पुस्तक चीनचं असं झालं तर मुलांचे हाल होतात. दोन्हीपैकी एक धरा आणि निदान तीन वर्षं बदलू नका.

व्याकरण हा चिनीचा सोपा भाग आहे. क्रियापदाला लिंग-वचन नाही, काळानुसार रूप बदलत नाही. वाक्याच्या शेवटी ‘मा’ लावला की प्रश्न होतो, अगदी आपल्या ‘येतोस का?’मधल्या ‘का’सारखा. मालकी दाखवायला ‘त’ जोडतात, आपण ‘चा-ची-चे’ लावतो तसा, पण तीन रूपं नाहीत. अडतं ते क्रियापद मधे आणण्यापाशी: मी खातो भाकरी. आकडे तर मुलांना फारच आवडतात. अकरा म्हणजे दहा-एक, एकवीस म्हणजे दोन-दहा-एक, एकोणसाठ म्हणजे पाच-दहा-नऊ. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये ‘वीस एक’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आणि डॉ. मंगला नारळीकरांनी ती का आणली हे किती शांतपणे समजावलं होतं, ते आठवत असेल. त्यांचा मुद्दा चिनीच्या पहिल्या महिन्यात डोळ्यांसमोर दिसतो. दहापर्यंत आकडे आले की मूल त्याच दिवशी नव्याण्णवपर्यंत मोजतं.

वर्षाअखेर काय मागावं

‘तीन महिन्यांत अस्खलित चिनी’ अशा जाहिराती जळगावातही दिसतात. त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना चिनी शिकवायला सुमारे २,२०० तास धरतं, तेही पूर्णवेळ शिकणाऱ्या मोठ्या माणसांसाठी. आपल्या शाळेत आठवड्याला ऐंशी मिनिटं आणि वर्षाला ३५ आठवडे धरले तर वर्षाचे पन्नास तासही होत नाहीत. चीनमध्ये चिनीतच राहणाऱ्या मुलांना सहावीच्या अखेरीस सुमारे ३,००० अक्षरं ओळखता यावीत अशी अपेक्षा असते, त्यासाठी त्यांना सहा वर्षं मिळतात. इंग्लंडने २०१६ मध्ये शाळांसाठी मँडरिनचा खास कार्यक्रम सुरू केला, त्यात मुलं आठवड्याला आठ तास देतात, निम्मे वर्गात आणि निम्मे वर्गाबाहेर. एवढं आपल्याकडे शक्य नाही. पण रोजची दहा मिनिटं शक्य आहेत, आणि आठवड्यातून एकदाच तासभर घासण्यापेक्षा ती जास्त फळतात.

शालेय मुलांसाठी वायसीटी नावाची चिनीची परीक्षा आहे, चार पातळ्यांची. पहिलीला ८० शब्द लागतात, दुसरीला १५०, तिसरीला ३००, चौथीला ६००. दुरून शिकणाऱ्या आपल्या मुलांनी पहिल्या वर्षी ८० शब्द नीट टोनसकट बोलावेत आणि त्यातली चाळीसेक अक्षरं बरोबर क्रमाने लिहावीत, हे मला पुरेसं वाटतं. ८० शब्दांत स्वतःची ओळख, घरची माणसं, वय, वार, खाणंपिणं आणि बाजारातला भाव एवढं बसतं.

पालकांना चिनी येत नसली तरी वर्ग बरा चाललाय की नाही हे तपासता येतं. मुलाला विकत घेण्याचा आणि विकण्याचा ‘माय’ म्हणायला सांगा. दोन्हींतला फरक तुमच्या कानाला कळला पाहिजे. ओठांसमोर कागदाची पट्टी धरून ‘पी’ आणि ‘बी’ची अक्षरं म्हणवून घ्या. ‘तोंड’ लिहायला सांगा आणि पेन किती वेळा उचललं ते मोजा. शिक्षिकेकडून शेवटची दुरुस्ती कधी आली, ते घरच्या फोनवर ऐकून पाहा. पंधरा दिवसांत एकही आली नसेल तर पुढच्या हप्त्याची फी भरण्याआधी शाळेत जाऊन विचारा.